दुसऱ्या पसंतीचा विषय पहिल्या पसंतीने घेताना

किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला जमिनीतून गरम पाणी येते. गंधकाचे पाणी म्हणून त्याची ख्याती आहे आणि त्वचेचे विकार बरे होतात या श्रद्धेने लोक तिथे आंघोळीला जातात. या एकाच पाण्याविषयी दोन अगदी वेगळे प्रश्न विचारता येतात. इतक्या गरम पाण्यात जगते तरी कोण, आणि कशाच्या बळावर? हा एक. कुंडात उतरलेल्या माणसाच्या कातडीवर नेमके काय घडते, खरूज खरेच कमी होते की एकाच्या अंगावरचा जंतू दुसऱ्याच्या अंगावर जातो? हा दुसरा. पहिला प्रश्न बी.एस्सी., एम.एस्सी.ला शिकवल्या जाणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्राचा, म्हणजे मायक्रोबायोलॉजीचा आहे. दुसरा वैद्यकीय महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्राचा. पहिल्यावर काम झालेलेही आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी उनकेश्वरच्या पाण्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांची ओळख पटवली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तिथल्या जिवाणूंच्या वैविध्यावर शोधनिबंध लिहिले. म्हणजे ज्या गावाला आपण जत्रेला जातो, त्या गावाचे नाव आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आले आहे. किनवट, माहूर, हिमायतनगर, हदगाव या पट्ट्यातल्या बारावी विज्ञानच्या किती मुलांना हे ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

शंका घेण्याला कारण आहे. आपल्याकडे सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय दोन्ही वाटांवर दुसऱ्या पसंतीचा झाला आहे. बारावीनंतर नीटमध्ये गुण कमी पडले, बीडीएस-बीएएमएसचेही जमले नाही, की मग ‘चला, बी.एस्सी. मायक्रो करून टाकू’ असे घरात ठरते. तिकडे एमबीबीएस झालेल्यांची गत फारशी वेगळी नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या यादीत रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग, बालरोग आधी भरतात, एम.डी. मायक्रोबायोलॉजी उरते. २०२३ मध्ये नीट-पीजीची पात्रतारेषा शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली, ती रिकाम्या राहणाऱ्या जागा भरण्यासाठी, आणि रिकाम्या राहणाऱ्या विषयांत हा विषय ठरलेला असतो. मुद्दा असा की ज्याला हा विषय खरोखर हवा असतो त्याला वाटेत गर्दी भेटत नाही. गर्दी भेटते ती अनिच्छेने आलेल्यांची. म्हणून तुम्हाला सांगायचे ते एवढेच आहे: पदवीचे सूक्ष्मजीवशास्त्र आणि वैद्यकातले सूक्ष्मजीवशास्त्र या एकाच जिन्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या नाहीत. प्रश्न वेगळे, शिक्षण वेगळे, कायद्याने मिळणारे अधिकारही वेगळे. निवड करायची ती गुणपत्रिकेकडे बघून नव्हे, कोणता प्रश्न आपल्याला झोपू देत नाही आणि कोणती जोखीम आपल्या घराला झेपते हे बघून.

आधी दोन्ही ठिकाणी प्रत्यक्षात काय शिकवतात ते पाहू. पदवीला सूक्ष्मजीव हाच नायक असतो. त्याची पेशी, त्याचे अन्न, त्याची जनुके, तो मातीत काय करतो, दुधाचे दही कसे करतो, सांडपाणी कसे साफ करतो, प्रतिजैविक का आणि कसे तयार करतो, हे सगळे तीन वर्षे चालते. रोग हा त्यातला एक भाग, मोठा खरा, पण एकच. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नत्र धरणारा जिवाणू नांदेड-लातूरच्या शेतीला रोज उपयोगी पडतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे बायोमिक्स हे उपयोगी सूक्ष्मजीवांचे मिश्रण शेतकरी रांग लावून नेतात. वैद्यकीय महाविद्यालयात गाठींतल्या त्या जिवाणूचे नावही कोणी घेत नाही, कारण तो कोणाला आजारी पाडत नाही. एमबीबीएसमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र येते ते दुसऱ्या वर्षी, पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी यांच्या जोडीने, आणि तिथे नायक रुग्ण असतो. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात तर जंतूंची ओळख कुळानुसार करून देण्याची जुनी पद्धत मागे पडून शरीराच्या संस्थांनुसार मांडणी आली: मेंदूचे संसर्ग, फुफ्फुसांचे, आतड्यांचे, मूत्रमार्गाचे. ताप घेऊन आलेल्या माणसात कोणता जंतू असू शकेल, नमुना कोणता घ्यायचा, औषध कोणते, हे तिथले प्रश्न. एक वर्ष, तेही दोन जड विषयांच्या मध्ये चेपलेले. ज्याला जिवाणूच्या अंतरंगात रस आहे त्याची तिथे उपासमार होते, आणि ज्याला माणसाला बरे करायचे आहे त्याचा पदवीच्या प्रयोगशाळेत जीव घुसमटतो.

या दोन वाटांच्या मधली भिंत कायद्याची आहे आणि ती प्रवेशाच्या वेळी कोणी नीट सांगत नाही. बी.एस्सी., एम.एस्सी. कितीही चांगल्या गुणांनी केले तरी एम.डी. मायक्रोबायोलॉजीला बसता येत नाही. त्यासाठी एमबीबीएसच लागते. पदवीनंतर पुन्हा नीट देऊन एमबीबीएसला जाता येते, कमाल वयाची अट आता नाही, पण तेव्हा सुरुवात शून्यापासून होते. तीन वर्षांचे काहीही जमेला धरले जात नाही. रक्त-लघवीच्या तपासणी अहवालावर सही करण्याचा अधिकार कोणाला, यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला निर्णय पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरच्या बाजूचा आहे. म्हणजे ‘मायक्रोबायोलॉजी करून स्वतःची लॅब टाकीन’ हा बेत कोणी मनात धरला असेल तर तो आधीच तपासून घ्यावा. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्याचे दार मात्र पूर्ण बंद नाही. एम.एस्सी. आणि पीएच.डी. केलेल्या, डॉक्टर नसलेल्या शिक्षकांना सूक्ष्मजीवशास्त्र विभागात घेण्याची तरतूद मधल्या काळात काढली गेली होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२५ च्या नियमांनी ती पुन्हा आणली. काही वैद्यकीय महाविद्यालये आणि अभिमत विद्यापीठे वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात तीन वर्षांची एम.एस्सी. चालवतात, ती याच कामासाठी उपयोगी. पण पाच-सहा वर्षांत नियम एकदा इकडे, एकदा तिकडे झाला हे लक्षात ठेवा. एवढ्या एकाच नोकरीवर डोळा ठेवून आयुष्याची आखणी करू नये.

भिंत आहे म्हणून एक बाजू श्रेष्ठ ठरते का? विषयाचा इतिहास तसे म्हणू देत नाही. लुई पाश्चर डॉक्टर नव्हता, रसायनशास्त्रज्ञ होता. दारू आंबते कशी या प्रश्नातून तो जंतूंपर्यंत आला. रॉबर्ट कॉख डॉक्टर होता, आणि तोही कसल्या मोठ्या रुग्णालयातला नव्हे. व्होलश्टाइन नावाच्या आडगावात तो सरकारी वैद्यकीय अधिकारी होता. आसपासच्या मेंढ्या अँथ्रॅक्सने मरत होत्या, म्हणून त्याने घरातच सूक्ष्मदर्शक मांडला आणि १८७६ मध्ये त्या रोगाचा जिवाणू सिद्ध केला. पुढे १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जगासमोर आणला तोही त्यानेच. मुंबईत परळला ज्याच्या नावाने संस्था उभी आहे तो वाल्देमार हाफकिन ओडेसाला प्राणिशास्त्र शिकलेला. जानेवारी १८९७ मध्ये त्याने प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्या लसीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन १९ माणसे दगावली तेव्हा त्याला निलंबित केले गेले. त्याच्यावरचा दोष दूर व्हायला १९०७ साल उजाडले, आणि त्याच्यावर तुटून पडलेल्यांच्या मनात तो डॉक्टर नाही ही सल होतीच. ही गोष्ट दोन्ही बाजूंना लागू पडते. डॉक्टर नसलेला माणूस लाखोंचे प्राण वाचवणारी लस करू शकतो. आणि डॉक्टर नसल्याची किंमत समाज त्याच्याकडून वसूलही करतो. ज्याला पदवीची वाट धरायची त्याने हे दुसरे वाक्य वाचूनच धरावी.

उपयोग काय, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. गरम पाण्याच्या झऱ्यातले जिवाणू ओळखून कोणाचे पोट भरते? याचे उत्तर उनकेश्वरसारख्याच एका ठिकाणाहून येते. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यांत १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक या अभ्यासकाला सत्तर अंशांच्या आसपास सुखाने वाढणारा एक जिवाणू सापडला. कोणत्याही आजाराशी त्याचा संबंध नव्हता आणि त्यातून काही निघेल अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. दहा वर्षांनी त्याच्यातले एक विकर वेगळे केले गेले, उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानालाही न बिघडणारे. १९८३ मध्ये कॅरी मुलिसला डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राची, म्हणजे पीसीआरची, कल्पना सुचली. ती व्यवहारात उतरली ती या विकरामुळे, कारण त्या तंत्रात द्रावण पुन्हापुन्हा तापवावे लागते आणि साधे विकर पहिल्याच फेरीत निकामी होते. कोविडच्या काळात ज्या आरटी-पीसीआर चाचणीचा जप घरोघर चालला होता ती या साखळीतली शेवटची कडी. २०२० च्या सुरुवातीला नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे धाडावे लागत. त्याच वर्षी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी सुरू झाली, आणि विद्यापीठातही झाली. दोन्ही संस्था विष्णुपुरीच्याच परिसरात. एकीकडे रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर, दुसरीकडे एरवी मातीतले आणि झऱ्यातले जिवाणू वाढवणारे विद्यापीठाचे लोक, आणि दोघांच्या हातात एकच चाचणी. महामारी आली त्या दिवशी पीसीआर यंत्र चालवणारी माणसे जिल्ह्यात तयार होती, कारण त्यांनी ते कौशल्य दुसऱ्याच, बिनरोगाच्या प्रश्नासाठी आधी कमावले होते.

असे असूनही पोटापाण्याचा आक्षेप साखळीच्या गोष्टीने मिटत नाही, आणि तो मिटवल्याचा आव आणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नुसत्या बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीवर मिळणारी पहिली नोकरी बेताची असते. घरची परिस्थिती अशी असेल की तीन वर्षांनी पगार सुरू झालाच पाहिजे, तर डीएमएलटी किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवी हा अधिक सरळ मार्ग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी आणि हिवतापाच्या स्लाईड तपासणारा माणूस त्याच वाटेने येतो आणि त्याचे काम कमी मोलाचे नाही. मात्र २०२१ च्या केंद्रीय कायद्यानंतर या व्यवसायाला नोंदणीची चौकट येत आहे, तेव्हा संस्थेला मान्यता आहे का हे आधी पाहा. गल्लीतल्या प्रत्येक ‘पॅरामेडिकल’च्या पाटीवर विश्वास टाकू नका. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी घ्यायची ती पुढे एम.एस्सी. करण्याची तयारी ठेवूनच, किंवा औषध, लस, अन्न या उद्योगांतल्या गुणवत्ता विभागात जाण्याच्या हिशोबाने. किनवटच्या मुलांनी या बाबतीत फक्त पुण्या-मुंबईकडे तोंड करून बसण्याचे कारण नाही. आदिलाबादहून किनवट, मुदखेड, निजामाबादमार्गे सिकंदराबादला कृष्णा एक्स्प्रेस जाते, आणि लसी व औषधे बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांचा एक गठ्ठा हैदराबादभोवती आहे. निर्जंतुक खोलीतली हवा तपासणे, औषधाच्या प्रत्येक खेपेत जंतू नाही याची खात्री करणे, हे तिथले रोजचे काम मायक्रोबायोलॉजीवाल्याचे. अन्न सुरक्षा कायद्याखाली अन्न विश्लेषक होण्यासाठीही सूक्ष्मजीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, तीन वर्षांचा अनुभव आणि एक परीक्षा चालते. संशोधनाकडे जायचे तर सीएसआयआर-यूजीसी नेट आणि आयसीएमआरची जेआरएफ आहे. एकदा शिष्यवृत्ती मिळाली की घरून पैसे मागावे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप ‘आमच्याकडे सोयी नाहीत’ असा. तो अर्धा खरा आहे. पण हा विषय मुळात महागड्या यंत्रांवर उभा राहिलेला नाही. ज्या अगारच्या थरावर आजही जगभर जंतू वाढवले जातात, तो वापरण्याची सूचना १८८१ मध्ये फॅनी हेस या गृहिणीने केली. ती स्वयंपाकात तो वापरत असे. चांगला सूक्ष्मदर्शक, ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, काचसामान आणि रोज वाढवता येईल एवढे माध्यम असले की पदवीची पहिली दोन वर्षे उत्तम होतात. म्हणून नांदेड असो, लातूर असो की आणखी कुठले तालुक्याचे गाव, महाविद्यालय निवडताना इमारत आणि नॅकची श्रेणी बघू नका. प्रॅक्टिकलच्या वेळी प्रयोगशाळेत जा. दर विद्यार्थ्याला स्वतःची पेट्री डिश मिळते की सहा जणांत एक? तेलाच्या भिंगाखाली स्लाईड प्रत्येक जण लावतो की सर लावतात आणि मुले रांगेने डोळा लावून जातात? इन्क्युबेटरमध्ये आजच्या तारखेच्या डिश आहेत का? तिसऱ्या वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने काय वाढवलेस. जर्नल पूर्ण आणि इन्क्युबेटर रिकामा, असे दिसले तर नाव कितीही मोठे असो, तिथून परत फिरा.

लातूरचा उल्लेख निघाला की नीटचा निघतोच. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या सामान्य घरातल्या हजारो मुलांना डॉक्टर केले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या पॅटर्नने एक सवयही लावली: एक वर्ष ड्रॉप, मग दुसरे, मग तिसरे. २०२४ मध्ये तेवीस लाखांहून जास्त मुले नीटला बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या घरात होत्या. पहिला ड्रॉप समजण्यासारखा आहे, विशेषतः मराठी माध्यमातून, आश्रमशाळेतून आलेल्या मुलासाठी, कारण अकरावी-बारावीत त्याला नीटची ओळखच उशिरा होते. दुसऱ्या ड्रॉपपूर्वी मात्र एक साधी परीक्षा स्वतःची घ्या. आदल्या वर्षापेक्षा गुण किती वाढले, आणि जीवशास्त्राचा अभ्यास गुणांसाठी न करता आवडीने किती वेळा केला? गुण वाढत असतील आणि रुग्णाजवळ बसण्याची ओढ खरी असेल तर वर्ष घालवा. गुण तिथेच अडकले असतील तर चौथ्या वर्षी रडतखडत बी.एस्सी.ला येण्यापेक्षा आत्ताच, मन पूर्ण ठेवून या. आलेला विद्यार्थी हरून आला की शिकायला आला, हे पहिल्या सत्रातच त्याच्या हाताच्या कामात दिसते.

इंग्रजीची भीती किनवट-माहूरच्या मुलांना विशेष छळते. घरी गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी, शाळेत मराठी, आणि महाविद्यालयात एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तक. या भीतीला एक दिलासा आहे: जंतूंची नावे लॅटिन-ग्रीक असतात, ती पुण्यातल्या कॉन्व्हेंटच्या मुलालाही तेवढीच परकी. पहिल्या वर्षी वाक्ये मराठीत समजून घ्या, संज्ञा इंग्रजीतच पाठ करा, आणि प्रत्येक प्रयोगाचे निरीक्षण सुरुवातीपासून चार-पाच साध्या इंग्रजी ओळींत स्वतः लिहा. दुसऱ्याचे जर्नल उतरवण्याची जुनी परंपरा मोडली तर दोन वर्षांत भाषा हातात येते. उतरवलेल्या जर्नलने ना विषय येतो ना इंग्रजी.

पदवीला प्रवेश घेतल्यावर काय करावे, याचे उत्तर जवळजवळ सगळे हातांशी संबंधित आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही मुख्य आणि दुय्यम विषयांची रचना आली. दुय्यम विषय निवडण्याची मुभा असेल तिथे रसायनशास्त्र घ्या. उद्योगात आणि संशोधनात अडते ते रसायनावर आणि संख्याशास्त्रावर, जीवशास्त्रावर क्वचितच. ग्रॅम स्टेन हा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात फसवा प्रयोग. जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, मग लाल रंग, एवढेच. पण अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिले तर जांभळे जिवाणू गुलाबी दिसतात आणि निदान उलटते. तो इतक्या वेळा करा की कोणाची फसलेली स्लाईड पाहून कोणत्या टप्प्यावर चुकले ते सांगता यावे. सुट्टीत गावी आलात तर पाण्याकडे बघा. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक स्वस्त चाचणी मांडली: खास माध्यम घातलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे, विष्ठेतून आलेले जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत ते काळे पडते. महाविद्यालयातून अशा बाटल्या मिळवून गावातली विहीर, हातपंप आणि नळ यांची पावसाळ्याआधी आणि नंतर तुलना केली, नोंदी नीट ठेवल्या, तर तो प्रकल्प शहरातल्या उसन्या विषयापेक्षा उजवा ठरतो. (काळी बाटली घेऊन ग्रामपंचायतीत जाताना मात्र शब्द जपून वापरा.)

वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्यांसाठी सल्ला वेगळा. तिथे हा विषय परीक्षेच्या आधी तीन आठवड्यांत रट्टा मारून सुटतो, आणि हाच त्याचा घात आहे. अनंतनारायण-पणीकरांचे जाडजूड पुस्तक १९७० च्या दशकापासून पिढ्या वाचत आल्या. वाचून पास झालेल्या डॉक्टरांपैकी बरेच जण पुढे प्रत्येक तापाला प्रतिजैविक लिहितात. जिवाणूंनी औषधांना दाद न दिल्यामुळे २०१९ या एका वर्षात जगभर थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासाने मांडला. भारताने त्याविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आणला. पण आराखडा चालतो तो वॉर्डात. रक्ताचे कल्चर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी घेतले की नंतर, लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला की दुपारभर खिडकीत पडून राहिला, यावर सगळे ठरते. म्हणून दुसऱ्या वर्षी एक सवय लावून घ्या: वॉर्डातला एखादा नमुना निवडा, त्याच्याबरोबर प्रयोगशाळेत जा, तिसऱ्या दिवशी त्याचा सेन्सिटिव्हिटी अहवाल वाचा आणि रुग्णाला प्रत्यक्षात कोणते औषध चालू आहे ते ताडून पाहा. महिन्यातून असे दोन जरी केले तरी पुस्तकातले तक्ते आपोआप जागेवर बसतात. आयसीएमआरची अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधन योजना एमबीबीएसच्या मुलांसाठी आहे. तिच्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र विभागाइतका सोयीचा विभाग दुसरा नाही, कारण तिथे नमुने रोज येतात.

यावर हुशार मुले एक आक्षेप घेतात: आता यंत्रे काही तासांत जंतू ओळखतात, क्षयासाठी दोन तासांत उत्तर देणारी चाचणी तालुक्यापर्यंत आली, मग माणसाने हे का शिकायचे? यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर यंत्र देते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या भागात (हे पुण्याचे नांदेड, आपले नव्हे) गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातपाय लुळे पडणारी माणसे एकाच भागातून येत आहेत हे आधी रुग्ण पाहणाऱ्यांच्या लक्षात यावे लागले. मग शौचाच्या नमुन्यांत काय शोधायचे, पाणी कुठले तपासायचे हे कोणीतरी ठरवले, आणि काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू मिळाला. तो नेहमीच्या पद्धतीने वाढत नाही. त्याला कमी प्राणवायू आणि ४२ अंश तापमान लागते. तो असू शकेल असा संशय ज्याच्या मनात येत नाही त्याच्या प्रयोगशाळेत तो कधीच सापडत नाही. संशय घेण्याचे काम डॉक्टरचे आणि वाढवण्याचे काम सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे, अशी ती विभागणी होती.

त्यामुळे एमबीबीएसनंतर एम.डी. मायक्रोबायोलॉजी घेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर त्याला ‘रुग्ण नाहीत, प्रॅक्टिस नाही’ म्हणून हिणवणाऱ्यांचे अर्धेच ऐकावे. खासगी प्रॅक्टिसचा पैसा इथे नाही, हे खरे आणि ते स्वीकारूनच यावे. पण प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला हा विभाग लागतो, प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला संसर्ग नियंत्रण सांभाळणारा माणूस लागतो, रात्रीच्या ड्यूट्या मोजक्या असतात, आणि मराठवाड्यासारख्या भागात कोणते औषध कोणत्या जंतूवर चालेनासे झाले आहे याची माहिती जमवणारी माणसे फार थोडी आहेत. किनवटजवळच्या गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला आपल्या भागातल्या लघवीच्या संसर्गावर पहिले औषध कोणते द्यावे हे दिल्लीच्या आकड्यांवरून ठरवावे लागू नये, तर ते आकडे कोणीतरी इथे गोळा केले पाहिजेत.

राहता राहिली कागदपत्रे, जी अभ्यासाहून जास्त मुलांना अडवतात. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. नीटचा निकाल लागल्यावर धावपळ करून ते वेळेत हाती येईलच असे नाही. बी.एस्सी.साठी नांदेडला राहायचे तर आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज आणि तिथे जागा न मिळाल्यास स्वयम योजनेचा अर्ज, दोन्हींची चौकशी किनवटच्या प्रकल्प कार्यालयात निकालाच्या आधीच करून ठेवावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो, बँक खाते आधारशी जोडलेले लागते. इतर मागास प्रवर्गांच्या मुलांनी नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्राची मुदत पाहून घ्यावी. ही कामे मे महिन्यात उरकली की जून-जुलै प्रयोगशाळा बघत फिरायला मोकळे राहतात. तेवढ्या दिवसांत विष्णुपुरीला एक फेरी मारा. विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही त्याच परिसरात असल्याने एका दिवसात दोन्ही विभाग बाहेरून-आतून पाहून, संध्याकाळच्या गाडीने परत येता येते.